आधी आई का आधी लेक?

“नवऱ्याला सोडलं तिनं. पदरात एक पोरगी. आणि सरळ नाटकात गेली,” मी म्हटलं, आणि कुंपणापलीकडं आक्काच्या हातातली कडब्याची पेंढी अर्ध्यातच थांबली.

“कुनाची वो ही?”

“दुर्गाबाई कामत.”

“कामत? आपल्यात कामत न्हाईत. मांडवगणातली का? का न्हावऱ्याची?”

“आक्का, 1913 सालातली गोष्ट सांगतीय मी.”

“आत्ता गं बया! मग एवढ्या हळू आवाजात कशापायी सांगताय? मला वाटलं, आजच्या इष्टीनं आली का काय.”

हळू आवाज ही आमच्या कुंपणाची सवय. तारेच्या पलीकडं आक्काचा गोठा, अलीकडं माझं अंगण, मधे तिचा शेवगा माझ्याकडं झुकलेला. शेंगा ज्याच्या हाताला येतील त्याच्या. मी इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले, तिच्या घरातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली, म्हणून मी ‘बाई’. दूध डेअरीला गेलं की दिवेलागणीपर्यंत आमचं बोलणं. त्यापुढं नाही, कारण उसातून बिबट्या कधी बाहेर येईल याचा नेम नसतो आणि वडगाव रासाईत रात्री कुंपणाशी गप्पा मारणारं कुणी उरलेलं नाही.

पुण्याला माझी भाची जुन्या सिनेमांवर काम करते. ती फोनवर काय काय पाठवते. त्यातलं जे मला पचत नाही ते मी आक्काला सांगते.

“नवरा म्हणे मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकवायला होता,” मी म्हटलं. “दुर्गाबाईंचं पटलं नाही. वेगळ्या झाल्या. लेकीला घेऊन फिरत्या नाटककंपनीत गेल्या. लेकीचं नाव कमला.”

“आन् समाज गप बसला?”

“कशाला बसतोय! वाळीत टाकलं म्हणतात.”

“टाकनारच. नाटकातली बाई म्हंजी झालंच मग. आता चौफुल्याच्या पोरींचंच बगा की. रातभर नाचायचं, घरादाराला पोसायचं, आन् बाजारात भेटली तर मानूस वळखीचं नसल्यागत तोंड फिरवतंय. आमचे मालक केडगावच्या बाजाराला जायचे. केडगाव इकडं, चौफुला तिकडं, पन यायचे चौफुल्यावरनंच. आन् त्या बायांना नावं ठेवायला सगळ्यात म्होरं हेच.”

मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पण आक्का ह्या बाबतीत अजून त्यांना सोडत नाही.

मी गाडी सिनेमाकडं वळवली. दादासाहेब फाळके तिला ठाऊक आहेत. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तिनं टीव्हीवर पाहिलाय, दोनदा. तरी तारामतीची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण ती सांगायला मजा येते. 1912 साली फाळके तारामतीसाठी बाई शोधत होते. चांगल्या घरातली कुणी येईना. मग ते कोठ्यांवर गेले, तिथंही नकार. म्हणजे ज्या धंद्याला सगळं गाव नावं ठेवतं त्या धंद्यातल्या बायकाही म्हणाल्या, सिनेमा? नको गं बाई, इतकं काही आम्ही घसरलो नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पोऱ्या सापडला. नाजूक बोटांचा. तिथं दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि भारताची पहिली तारामती ठरली.

“मिशा काढल्या का त्यानं?”

“सगळ्यांना काढायला लावल्या. तारामतीच्या दासीही बाप्येच होते ना. ओल्या लुगड्यात हौदात खेळतायत, सगळे बाप्ये. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी म्हणून ते अडून बसले होते.”

“आमच्या दिराचं आसंच झालं,” आक्का खूष होऊन म्हणाली. “यात्रेच्या नाटकात सीता हुता त्यो. मिशी काढंना. मग पदर तोंडावं धरूनच उभा. रावन म्हनतो, सुंदरी, मुखडा दाखीव. ह्यो पदर सोडंना. मागनं कोन तरी वरडलं, न्हेऊ नको रं तिला, दाढी बी आसंल!”

साळुंक्यांनी पुढं 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले, हे सांगितल्यावर तिनं पेंढी खाली ठेवली आणि तारेला टेकली. म्हणजे आता गाईंना वैरण उशिरा मिळणार.

“आता दुर्गाबाईंकडं येते,” मी म्हटलं. “‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकाला हलवलं आणि दुसरा सिनेमा काढला, ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात पहिल्यांदा खऱ्या बायका. दुर्गाबाई पार्वती, आणि कमला मोहिनी. पोरगी तेव्हा तेराएक वर्षांची.”

भस्मासुर आक्काला कीर्तनातून पाठ आहे. शंकराकडनं वर मिळवला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म. मग शंकराच्याच मागं लागला. विष्णू मोहिनीचं रूप घेऊन नाचला, भस्मासुर तिच्यासारखा नाचत नाचत स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून बसला. हे सगळं तिनं मलाच सांगितलं, हातवाऱ्यांसकट. आणि मधेच थांबली.

“थांबा बाई. मोहिनी म्हंजी इष्णूच की. बाप्याच.”

“तेच तर.”

“म्हंजी पहिल्या शिनेमात बाप्या बाई झाला. आन् दुसऱ्यात खरी पोरगी आणली, ती बाई झालेल्या बाप्याचं सोंग घ्याया?”

एवढं मार्मिक मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी तिला म्हटलं, ह्यावर भाचीला लेख लिहायला सांगते. ती म्हणाली, लेख लिहा न्हाईतर काय करा, आधी मला सांगा, ह्यात पहिली कोन? आई का लेक?

आता हा वाद खराच आहे. हिंदुस्थानातली पहिली चित्रपट-अभिनेत्री म्हणून काही जण दुर्गाबाईंचं नाव घेतात, काही कमलाबाईंचं. सिनेमा एकच, साल एकच. मोहिनी नायिका म्हणून कमलाबाई पहिल्या, असं एक म्हणणं. वयानं आणि धाडसानं आई पहिली, हे दुसरं. मला विचाराल तर दुसरं पटतं. तेरा वर्षांची पोर आई नेईल तिथं जाते. सगळ्यांचं बोलणं खाऊन लेकीचा हात धरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हा निर्णय आईचा होता.

आक्काला हे अजिबात पटलं नाही.

“धाडस कसलं? पोटाला लागलं तर मानूस काय बी करतंय. आमची आत्या दुष्काळात खडी फोडाया गेली, तिला कुनी धाडशी म्हनलं न्हाई. तुमी शिकलेल्या बायका गरजंला लई चांगलं कापड नेसवता.”

मी गप्प. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, “पन लेकीला बरूबर घिऊन गेली, टाकून न्हाई गेली. त्येवढं खरं.”

कमलाबाईंचं पुढचं आयुष्य तिला जास्त आवडलं, कारण त्यात नातेवाईक आहेत. लग्न रघुनाथराव गोखल्यांशी, तेही नाटकवाले. म्हणून त्या कमलाबाई गोखले. नवरा तरुणपणीच गेला. तीन मुलगे पदरात. ह्या बाईनं नाटकांत कामं करून, बाप्यांच्या भूमिकासुद्धा करून, तिघांना वाढवलं. त्यातले चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नाव काढून गेले. चंद्रकांतांचा मुलगा विक्रम गोखले.

“विक्रम गोखले? आपला, टीव्हीतला? डोळं मोठ्ठं करून बोलतो त्यो?”

“तोच. 2022 ला गेले ते. त्यांची आजी ही मोहिनी.”

“मग आधी सांगायचं की!” आक्का म्हणाली. इतका वेळ जी गोष्ट शंभर वर्षं लांब होती ती एकदम शेजारच्या आळीत आली. कमलाबाई 1998 पर्यंत होत्या, नव्वदी ओलांडून. त्यांच्या म्हातारपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला, ‘कमलाबाई’. मूकपटाच्या काळातलं एक माणूस बोलतं आहे आणि कुणी तरी कॅमेरा लावून ते ऐकून घेतं आहे, हे आपल्याकडं किती दुर्मिळ! फाळक्यांच्या दुसऱ्याच सिनेमातली नायिका इतकी वर्षं जिवंत होती, आणि आम्ही शाळेत ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ एवढ्या एका ओळीवर धडा संपवत होतो.

तेवढ्यात आक्काची सून धारेची बादली घेऊन आली. आत्या, वैरण? आक्कानं पेंढीकडं बोट दाखवलं. सुनेनं ती उचलली, गाईंना टाकली, आणि तीही येऊन उभी राहिली.

“फाळक्यांच्या सरस्वतीबाईंचं सांगा बाई,” ती म्हणाली. “त्या पिच्चरमदी लई छान दाखवलीय ती. नवऱ्याला कशालाच न्हाई म्हनत न्हाई.”

तो सिनेमा मलाही आवडतो. पण त्यात सगळं हसत-खेळत होतं, हा माझा त्याच्यावरचा राग. हसायला वेळ कुठला असणार त्या बाईला? फाळक्यांशी 1902 मध्ये लग्न झालं तेव्हा अल्लड पोर होती, त्यांच्याहून कितीतरी लहान. ह्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात वेड घेतलं, दुसऱ्या खेळाला तिलाही नेलं. मग घरातल्या वस्तू विकल्या, विम्याची पॉलिसी गहाण पडली, तिचे दागिने गेले. 1912 च्या सुरुवातीला हे लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले.

“आन् परत आल्यावर?” सून.

“परत आल्यावर वाटाणा लावला.”

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

“कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडी थोडी फिल्म काढली, महिनाभर. पडद्यावर लावली तर बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, सगळं भराभर. ते दाखवून पुढच्या सिनेमाला भांडवल उभं केलं.”

“वाटान्यावं कर्ज मिळालं?” आक्का म्हणाली. “आमच्या उसावं सोसायटी देताना किती हेलपाटं.”

खरं काम त्यानंतरचं. कच्ची फिल्म परदेशातून यायची ती कडेला भोकं न पाडलेली. ती भोकं अंधारात पाडावी लागायची, सारख्या अंतरावर. एक चुकलं तर पडद्यावर चित्र उड्या मारणार. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुवायचं रसायन मिसळायला शिकल्या, धुवायला शिकल्या. दिवसा चित्रीकरण असेल तेव्हा भर उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पाडायला. आणि ह्या सगळ्याच्या आधी आणि नंतर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दादरच्या त्या बंगल्यात सगळी मंडळी राहायला होती. ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा व्हायला सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. तितके दिवस हे दोन वेळचं.

“साठ मानसं,” आक्का म्हणाली. तिनं हिशेब लगेच केला. “भाकरी का चपाती?”

“ते नाही कुणी लिहून ठेवलेलं.”

“तेच लिवायला पायजे हुतं. चार चार भाकरी धरल्या तरी अडीचशे. एका येळंच्या. आन् वरनं फिल्म धुवायची. त्या पिठाच्या हातानं?”

फाळक्यांनी तारामतीचं काम आधी तिलाच विचारलं होतं म्हणतात. ती नाही म्हणाली. मी नटायला उभी राहिले तर बाकीचं कोण करणार, हे कारण. आक्कानं यावर नुसती मान हलवली, आणि सून हसली. कशाला ते मला कळलं. गेल्या दिवाळीत सुनेनं बचतगटाच्या सहलीला पैसे भरले होते आणि गेली नव्हती.

“मग तिचं नाव आलं का पडद्यावं?” सुनेनं विचारलं.

“पडद्यावर काय यायचंय. नाव फाळक्यांचं.”

“सातबाऱ्यासारखंच की,” सून म्हणाली. “खुरपायला मी, खत टाकायला मी, रातच्या लाईटला मोटर चालू करायला बी मी. सातबाऱ्यावं फकस्त ह्ये.”

आक्कानं ऐकलं नाही असं दाखवलं. खरं तर सात-बाऱ्यावर बायकोचं नाव लावून घ्यायची लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे, तलाठ्याकडं नवऱ्यानं एक अर्ज करायचा असतो. हे मी ह्या कुंपणावर आधीही बोललेय. त्या दिवशी पुन्हा बोलले नाही, कारण अर्ज ज्यानं करायचा तो मागं मोटरसायकल पुसत होता.

त्याच्यासाठी म्हणून मी वांगणीची गोष्ट मोठ्यानं सांगितली. ‘हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण वांगणीला होतं. मंडळी पुढं गेली, फाळके तापानं फणफणलेले, मागून येणार होते. इकडं मंडळी ढाली-तलवारी घेऊन गावाबाहेर सराव करायला लागली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर! धावत पाटलाकडं. पाटलानं फौजदाराला कळवलं, सगळ्यांना धरून बसवलं. राजा हरिश्चंद्रासकट सगळेच आत! फाळके येऊन कॅमेरा दाखवून समजावेपर्यंत कुणाला सुटका नाही. सिनेमा काढतात म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

“बरोबर केलं पाटलानं,” तो तिकडून म्हणाला. “आपन बी तेच केलं असतं.”

आता सिनेमाच्या गोष्टीत कोल्हापूरला जायचं तर पुण्यावरूनच गेलेलं बरं. मंडईजवळच्या आर्यन थिएटरात फेब्रुवारी 1920 मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. टिळकांनी तो पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे सगळे सांगतात. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोघी होत्या, हे सांगायचं राहतं. कोल्हापुरात तेव्हा सिनेमात बाई म्हणजे केवढं! गुलाबबाईंचं नाव पडद्यासाठी कमलादेवी केलं. ह्या कमलादेवींचा एक सिनेमा मला मिळेल त्या किमतीला बघायचाय, आणि तो कधीच मिळणार नाही. 1925 चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. त्यात व्ही. शांताराम होते, अगदी तरुण. देव-राक्षस सोडून शेतकऱ्याकडं वळलेला हा आपला पहिला मोठा सिनेमा. आज त्यातलं काही शिल्लक नाही.

“सावकारी आमाला नका शिकवू,” आक्का म्हणाली. “आमचा आजेसासरा सांगायचा, त्येच्या बापाच्या टायमाला इथल्या लोकांनी सावकाराची चोपडी जाळली.”

1875 चं दख्खनचं दंगल-प्रकरण. 12 मे ला सुप्याला सुरुवात झाली आणि शिरूर, भीमथडी, इंदापूर पेटत गेलं. गहाणखतं काढून घ्यायची, चौकात आणून जाळायची. सावकाराला सहसा हात लावायचा नाही, कागदाला लावायचा. त्या आगीनंतर पन्नास वर्षांनी कोल्हापुरात त्याच दुखण्याचा सिनेमा निघाला, आणि ज्या मुलखात चोपड्या जळल्या तिथं त्याचं नावही कुणाला माहीत नाही. शिरूर तालुक्यातल्या शाळेत मी आयुष्य काढलं, मला स्वतःला निवृत्तीनंतर कळलं.

“पन शिल्लक का न्हाई? जाळला का त्यो बी?”

जळलेही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, पेटली की विझवता येत नाही. पुण्यातच 2003 च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि किती तरी जुनी रिळं गेली. पण आगीपेक्षा वाईट म्हणजे चांदी. फिल्मवर चांदीचा थर असतो. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलायला लागला, मुक्या सिनेमाला कोण विचारतं? रिळं किलोवर विकली, चांदी काढून घेतली. आपल्याकडं तेराशेच्या आसपास मूकपट झाले असं धरतात. आज त्यातले थोडेसेच उरलेत, तेही बरेचसे तुकड्या-तुकड्यांत.

आक्कानं पायातल्या जोडव्यांकडं बघितलं. “म्हंजी ह्यात बी आसंल का कोन तरी? सीता-बिता?”

“असेल की.”

“मग साळुंकेच आसंल,” ती म्हणाली आणि तिघी इतक्या हसलो की वासरू उधळलं.

फातमा बेगमचं मी थोडक्यातच सांगितलं, कारण उजेड कमी होत होता, आणि हिच्याबद्दल सांगताना मला राग येतो. ही सुरतेची. 1922 मध्ये ‘वीर अभिमन्यू’त आली. चार वर्षांत, 1926 ला, स्वतःच्या नावाची कंपनी, फातमा फिल्म्स, आणि स्वतःच दिग्दर्शक. ‘बुलबुल-ए-परिस्तान’. हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. परीकथा होती, कॅमेऱ्याच्या करामतींनी भरलेली. झुबेदा, सुलताना, शहजादी, तिन्ही लेकी सिनेमात. झुबेदा तर ‘आलम आरा’ची नायिका. म्हणजे मुक्याचा शेवट आणि बोलक्याची सुरुवात ह्या एका घरात झाली. आणि आज तिच्या दिग्दर्शनातलं एक फूट फिल्म उरलेलं नाही. ‘आलम आरा’ही नाही. नुसती नावं आणि फोटो.

“तिन्ही लेकीच? पोरगा न्हाई?” आक्का.

“नाही.”

“मग बरं झालं. पोरगा आसता तर कंपनी त्येच्या नावावं झाली आसती.”

ह्यावर सून काहीच बोलली नाही. पण फार मोठ्यानं काहीच बोलली नाही.

फ्रान्समध्ये ह्याच्याही कितीतरी आधी, 1896 मध्ये, ॲलिस गी नावाच्या बाईनं सिनेमा केला होता. गोमाँ कंपनीत सेक्रेटरी होती. तिच्या त्या पहिल्या सिनेमात एक परी कोबीच्या शेतातून गड्ड्यामागून बाळं काढते. पुढं अमेरिकेत जाऊन तिनं स्वतःचा स्टुडिओ थाटला. आणि म्हातारपणी स्वतःचेच सिनेमे शोधत हिंडली, कारण इतिहासात ते दुसऱ्यांच्या नावावर चढले होते. आक्काला इतिहासाशी देणंघेणं नाही, कोबीशी आहे. “गड्ड्यातनं पोरं? आमच्या गड्ड्यातनं भाव बी निघंना.”

मग सुनेनंच फोन काढला. भाचीनं पाठवलेला ‘कालिया मर्दन’ मी तिला धाडला होता. 1919 चा, फाळक्यांचा. हा बराचसा वाचलाय, आणि तो वाचला त्याचं श्रेय पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांना. 1964 ला संग्रहालय निघालं, आणि ह्या माणसानं फाळक्यांच्या घरच्यांकडं, गोदामांत, जिथं सापडेल तिथं जाऊन रिळं गोळा केली. 2016 मध्ये गेले. त्यांच्या जुन्या संग्रहालयाच्या, लॉ कॉलेज रोडवरच्या फाटकासमोरनं मी ट्रेनिंगच्या निमित्तानं किती वेळा गेले असेन, आत डोकावले नाही.

फोन तारेवर टेकवला. तिघींची डोकी एकत्र. सुरुवातीलाच एक लहान पोरगी, नुसता चेहरा. हसते, रुसते, रागावते, रडवेली होते. कुठलंही पात्र नाही अजून. मग बघता बघता त्याच चेहऱ्यावर मुकुट येतो आणि कृष्ण उभा राहतो.

“पोरगी हाय ही?” सून.

“मंदाकिनी. फाळक्यांची लेक. सातएक वर्षांची.”

“म्हंजी सरस्वतीबाईची,” आक्का म्हणाली.

मी आजवर ‘फाळक्यांची लेक’ असंच म्हणत आले होते. मुद्दाम काही बोलले नाही, पुढं बघत राहिले. कृष्ण डोहात उडी मारतो. पाण्याखाली कालियाशी झुंज. काठावर माणसांची गर्दी, यशोदा ऊर बडवतेय. आवाज काहीच नाही, आणि भीमेकडनं कुणाच्या तरी इंजिनाची टकटक येत होती ती नेमकी तिथं बसली. कृष्ण फण्यावर उभा राहून वर आला तेव्हा आक्कानं फोनसमोर हात जोडले. ‘लंकादहन’ला लोक राम दिसला की चपला काढायचे म्हणतात. गल्ल्यावरची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीनं न्यावी लागायची. ते ऐकल्यावर आक्कानं एवढंच विचारलं होतं, “मग तिचं दागिनं सोडवलं का?”

“हे एवढ्या टिचभर फोनवर नाही बघायचं,” सून म्हणाली. “आत्या, नवरात्रात देवळापुढं लावू या की. शाळंतला प्रोजेक्टर बाई आणतील.”

“आवाजच न्हाई त्येला. पोरं बसत्याल का?”

“तेव्हाही नसायचा,” मी म्हटलं. “पडद्यापुढं पेटी-तबला घेऊन माणसं बसायची, चित्र बघून वाजवायची. आपल्या भजनी मंडळाला सांगू.”

“त्या बाप्यांना?” आक्का उसळली. “त्येंना साडेनऊला झोप येती. कालिया मरायच्या आत गडी आडवं. बायांचं मंडळ हाय की आपलं. पेटी सूनबाई वाजवील.”

“मी?” सून म्हणाली. “आन् नैवेद्याचा सैपाक?”

“करू दे की त्येला.” आक्कानं मोटरसायकलकडं मान वळवली. मोटरसायकल पुसणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

मी म्हटलं, पडद्यालाही काही तरी लागेल, मोठी पांढरी चादर, सुरकुती नसलेली. आक्काकडं मुलीच्या लग्नातली एक आहे, कपाटात घडी करून ठेवलेली, ती कुणाला देत नाही.

“दीन मी,” ती बादली उचलत म्हणाली. “पन आधीच सांगून ठिवते बाई, ती धरून मी उभी ऱ्हानार न्हाई. खिळं मारा.”